आजी-आबांना पहिल्यांदा इन-एन-आउटला नेताना: एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब माझ्या जवळच्या ओळखीचं आहे. नावं देत नाहीये, ओळख पटेल अशा एक-दोन गोष्टी बदलल्यात, बाकी जसं झालं तसंच लिहितेय आणि त्यांनी वाचून हो म्हटल्यावरच टाकतेय. लिहावंसं वाटलं कारण उन्हाळ्यात आई-वडील भारतातून येतात तेव्हा इथे अमेरिकेत बऱ्याच मराठी घरांत शाकाहारी आजी-आजोबांना बर्गरच्या दुकानात न्यायचं कसं हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतो, आणि बहुतेक जण तो ऐन काउंटरवर, मागे रांग उभी असताना सोडवायला जातात.

मुलगा-सून कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या बाजूला राहतात, त्यांना नऊ वर्षांचा मुलगा. आजी-आबा फलटणकडचे, सहा महिन्यांसाठी आलेले. आजी माळकरी, म्हणजे गळ्यात तुळशीची माळ, मांस-मच्छी-अंडं काही नाही, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, आणि दरवर्षी माउलींची पालखी लोणंद-तरडगाव-फलटण करत जाते तेव्हा वारकऱ्यांना जेवण घालायचं, थोडं अंतर स्वतः चालायचं. ह्या वर्षी अमेरिकेत असल्यामुळे ते चुकणार होतं आणि त्याची रुखरुख त्यांना होती, त्यामुळे खाण्यापिण्याचं त्या नेहमीपेक्षा जास्तच काटेकोर पाळत होत्या. आबा माळकरी नाहीत. त्यांना चिकन-मटण आवडतं, पण ते गावी परड्यात वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात शिजतं, स्वतः शिजवतात, भांडी स्वतः घासतात, आणि आजींचं त्यावर काही म्हणणं नसतं. ही दोन चुलींची व्यवस्था त्या घरात पूर्वीपासून आहे, कोणी कोणापासून काही लपवत नाही. मोठ्याचं, म्हणजे बीफ, मात्र आबाही खात नाहीत, त्यांच्याकडे तो विषयच निघत नाही.

आता इन-एन-आउटबद्दल, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९४८ साली हॅरी आणि एस्थर स्नायडर ह्या नवरा-बायकोनी लॉस एंजेलिसजवळच्या बाल्डविन पार्कमध्ये हे सुरू केलं, गाडीत बसूनच स्पीकरवर ऑर्डर द्यायची सोय त्यांनी तेव्हापासून ठेवली. फ्रँचायझी ते देत नाहीत, अजूनही मालकी घराण्याकडेच आहे. कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या मुलांना ह्याचं इतकं वेड असतं की मॅच झाली, परीक्षा संपली, पाहुणे आले, की चला इन-एन-आउट. मेन्यू अगदी छोटा: हॅम्बर्गर, चीजबर्गर, डबल-डबल (दोन पॅटी आणि चीजच्या दोन स्लाइसचा), फ्राइज, शेक आणि कोल्ड्रिंक्स. चिकन नाही, मासे नाहीत, व्हेज पॅटी नाही. पॅटी म्हणजे बीफच.

आणि आजींच्या डोक्यातला बर्गर म्हणजे पुण्यात लेकीकडे गेल्यावर नातवंडांबरोबर खाल्लेला आलू टिक्की. मॅकडोनल्ड्स १९९६ मध्ये भारतात आलं ते बीफ न ठेवताच आलं, तिथे व्हेज आणि नॉनव्हेजचं किचन वेगळं असतं, व्हेजसाठी मेयोनीज बिनअंड्याचं असतं. शिवाय भारतात पाकिटावर हिरवा ठिपका बघायचा की झालं. इथे हिरवा ठिपका नाही आणि अंडं तर इथे शाकाहारातच धरतात. म्हणजे आजींच्या विश्वासाला तिकडे जो आधार होता तो इथे नव्हताच, आणि हे त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेलंही नव्हतं.

अडचण नेमकी काय होती

विषय नातवाने काढला. रात्री सगळे जेवायला बसलेले आणि तो म्हणाला, "आजी, आपण सगळे इन-एन-आउटला जाऊया ना, माझं सगळ्यात फेवरेट आहे, आम्ही सॉकरची मॅच झाली की जातो, बाबा डबल-डबल घेतात आणि मी साधा." आबांनी सहज विचारलं, "कशाचं असतं रे ते?" पोराने आईकडे बघितलं. सून म्हणाली, "सांगते आबा नंतर, पोळी गार होतेय." आणि विषय तिथे थांबला, पण संपला नाही हे टेबलावरच्या मोठ्या माणसांना कळलं.

वरवर अडचण एवढीच होती की माळकरी बाई बर्गरच्या दुकानात काय खाणार. खरी अडचण दुसरी होती. मुलगा आणि नातू दोघंही बाहेर बीफ खातात. घरात आणत नाहीत, घरच्या भांड्यात कधी शिजवलं नाही, तो नियम नवरा-बायकोनी आधीपासून पाळलाय, सून स्वतः खात नाही. पण आजी-आबांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. मुलाला अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली, ऑफिसातल्या लोकांबरोबर सुरू झालं, मग सवय झाली, आणि फोनवर सांगायची ही गोष्ट नाही म्हणून राहत गेलं. आता मुलगा आई-बापाच्या समोर बसणार, आणि त्याचा नऊ वर्षांचा पोरगा त्याच्याच शेजारी बसून नेहमीची ऑर्डर देणार.

सुनेने मला फोन केला तेव्हा ती पहिल्या अडचणीबद्दल विचारत होती, की तिथे आईंना काय चालेल. बोलता बोलता दुसरी निघाली. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की ज्या क्रमाने तिने मला सांगितलं त्याच्या उलट क्रमाने ते सोडवायला हवं होतं, आणि तिने तसंच केलं.

कोणते पर्याय होते

मुलाचं पहिलं म्हणणं, जायचंच नाही. गर्दी असते, पार्किंग मिळत नाही, आईला खाण्यासारखं काही नाही असं सांगायचं आणि पोराला पुढच्या मॅचनंतर घेऊन जायचं. ह्यात कोणाला त्रास नाही असं त्याला वाटत होतं. पण पोराने आजीला स्वतःहून बोलावलं होतं, नऊ वर्षांचा मुलगा आपली आवडती जागा आजीला दाखवू बघतोय, ते मोडायचं म्हणजे त्यालाही काहीतरी कळणारच की ह्यात लपवण्यासारखं काहीतरी आहे.

दुसरा पर्याय जवळच्या एखाद्या शाकाहारी ठिकाणी जायचा, बे एरियात ती भरपूर आहेत. पोरगा सरळ म्हणाला, मी ते नाही म्हटलं.

तिसरा, बर्गर किंगचा इम्पॉसिबल व्हॉपर, २०१९ पासून अमेरिकेत सगळीकडे मिळतो, सोयाच्या प्रथिनांची पॅटी असते. पण दोन गोष्टी आड आल्या. एक तर तो नेहमीच्या पद्धतीने मांसाच्याच ब्रॉयलरवर भाजतात, वेगळा भाजून द्या असं सांगावं लागतं, आणि त्यातल्या मेयोनीजमध्ये अंडं असतं. दुसरं म्हणजे ती पॅटी मुद्दाम मांसासारखी दिसावी, लागावी म्हणून बनवलेली आहे. सुनेने आजींना फोटो दाखवला तर त्या म्हणाल्या, "जे सोडलंय त्याच्यासारखं दिसणारं कशाला खाऊ?" मला हे उत्तर फार पटलं. आपण तरुण लोक नुसते घटक बघतो, आजी त्या घासामागचं मन बघत होत्या.

चौथा, मॅकडोनल्ड्स, घराच्या सगळ्यात जवळ, आणि आजींना नावही ओळखीचं. इथे मात्र सुनेने ठाम नाही म्हटलं आणि ते बरोबर होतं. अमेरिकेतल्या त्यांच्या फ्राइजमध्ये बीफचा फ्लेवर असतो. १९९० मध्ये त्यांनी गुरांच्या चरबीत तळणं सोडून वनस्पती तेल घेतलं तेव्हा बऱ्याच शाकाहारी लोकांनी धरून चाललं की आता फ्राइज चालतील. मग २००१ मध्ये सिएटलमध्ये हरीश भारती नावाच्या वकिलांनी शाकाहारी लोकांच्या वतीने दावा लावला, २००२ मध्ये कंपनीने माफी मागून १ कोटी डॉलरची तडजोड केली. फ्लेवर आजही घटकांच्या यादीत लिहिलेला आहे, म्हणजे लपवलेलं नाही, पण यादी वाचली तरच कळतं. भारतातल्या फ्राइजमध्ये तो नाही. नाव तेच, पाकीट तेच आणि आतली गोष्ट वेगळी, त्यामुळे भारतातून आलेल्या माणसाला ओळखीचं नाव बघून निर्धास्त होऊ देणं हाच ह्या पर्यायातला मोठा धोका होता.

पाचवा पर्याय मुलानेच सुचवला. जायचं, पण पोराला आधी सांगून ठेवायचं की त्या दिवशी तू फ्राइज आणि शेकच घे, आणि आबांनी विचारलं तर नेहमी तेच घेतो म्हण. सून ह्याला अजिबात तयार नव्हती. तिचं म्हणणं होतं, त्या दिवशी काय खायचं हे आपण त्याला सांगू शकतो, पण आजी-आबांशी खोटं बोल असं सांगू शकत नाही. तो आज आपल्यासाठी त्यांच्याशी खोटं बोलला तर उद्या आपल्याशी बोलेल तेव्हा आपण काय म्हणणार. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातला निर्णायक क्षण तो होता. एकदा हा पर्याय बंद झाल्यावर उरलं एकच, आधी सांगायचं, आणि सगळं कळल्यावर यायचं की नाही ते आजींनी ठरवायचं.

आधी झालेलं बोलणं

मुलाने आधी आबांना सांगितलं, संध्याकाळी दोघं फिरायला जातात तेव्हा. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पोरगा पण?" तो म्हणाला, हो. परत येताना दाराशी ते एवढंच म्हणाले, "आईला तू सांग. माझ्या तोंडून नको."

आईला सांगायला त्याला दोन-तीन दिवस लागले, तोवर घरात एक प्रकारचा ताण होता, सून म्हणते तेच दिवस सगळ्यात अवघड गेले. शेवटी सकाळी आजी देवपूजा आटपून चहा घेत होत्या तेव्हा तो जवळ बसला आणि सरळ सांगितलं की आई, मी बाहेर मोठ्याचं खातो, बरीच वर्षं झाली, घरात कधी आणलं नाही आणि आणणार नाही, पण तुला माहीत नाही हे मला बरं वाटत नव्हतं.

आजींना वाईट वाटलं. त्या रडल्या, त्या दिवशी दुपारी नीट जेवल्या नाहीत. हे सांगणं गरजेचं आहे, कारण अशा गोष्टी लिहिताना आपण पटकन पुढे जातो आणि असं वाटतं की सांगितलं की मोकळं झालं. तसं झालं नाही. पण संध्याकाळी त्या मुलाला जे म्हणाल्या ते सुनेने मला शब्द न शब्द सांगितलं: "ह्यांची परड्यातली चूल मला रोज दिसते रे. तुझी मला दिसलीच नाही इतकी वर्षं, त्याचं वाईट वाटलं."

म्हणजे त्यांचा राग जितका खाण्याचा होता तितकाच न सांगण्याचा होता. आणि त्या घराकडे दोन चुली शेजारी शेजारी पेटवून राहायची पद्धत आधीपासून होती, मुलाला ती नव्याने शोधायची नव्हती, फक्त ती आपल्यालाही लागू आहे हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं.

मग सुनेने विचारलं, आई, तो पोरगा तुम्हाला तिकडे न्यायचं म्हणतोय, यायचं का, नाही आलात तरी आम्ही त्याला नीट समजावू. तिने हे विचारताना त्यांना सगळं सांगितलं, की तिथे मांसच विकतात, समोरच शिजतं, वास येतो, बाजूच्या टेबलवर लोक तेच खात असतात. आजींनी दोन अटी घातल्या. एक, आपल्या टेबलवर त्या दिवशी ते नको. दोन, मी काय खाते ते मला खाण्याआधी कळलं पाहिजे. आणि म्हणाल्या, "त्याची जागा आहे म्हणतो, बघून तरी येते."

दिवस आणि वेळ ठरवणं

हे छोटं वाटतं, पण ह्यावर बरंच अवलंबून होतं. खरं तर मुलाचा सगळ्यात पहिला बेत विमानतळावरून घरी येतानाच मिलब्रेच्या इन-एन-आउटला थांबायचा होता, बरेच जण पाहुण्यांना तसं नेतात. सुनेनेच तो रद्द केला, इतक्या लांबच्या प्रवासानंतर माणसाला आपल्या हातचा वरण-भात हवा असतो. ते टळलं ते फार बरं झालं, नाहीतर वर लिहिलेलं काहीही न बोलता सगळे काउंटरवर उभे राहिले असते.

नंतर एक शनिवार ठरला तर आजींनी सोबत आणलेल्या कालनिर्णयात बघितलं, एकादशी. तो गेला. मग सुनेने वीकेंडच नको म्हटलं आणि नातवाची शाळा सुटल्यावर दुपारी तीनच्या सुमाराची वेळ धरली, जेव्हा जेवणाची गर्दी संपलेली असते आणि काउंटरवरच्या माणसाला चार प्रश्न विचारता येतात. ड्राइव्ह-थ्रू नको हेही तेव्हाच ठरलं. स्पीकरवर घटक विचारणं अवघड, मागची गाडी हॉर्न देते, आणि आजींची दुसरी अट तिथे पाळता आली नसती.

प्रत्यक्ष गेले तेव्हा

सुनेने आदल्या रात्री कंपनीच्या साइटवरची घटकांची आणि ऍलर्जीची माहिती वाचून ठेवली होती. बोर्डावर नसलेल्या पण मागितल्या की मिळणाऱ्या गोष्टींमध्ये ग्रिल्ड चीज आहे, म्हणजे पॅटी नाही, बनमध्ये चीजच्या दोन स्लाइस, लेट्यूस, टोमॅटो, कांदा आणि त्यांचा स्प्रेड. स्प्रेडमध्ये अंडं आहे, तो काढायचा. कांदा कच्चा सांगायचा, कारण परतलेला कांदा पॅटीच्याच ग्रिलवर परततात. ह्याच कारणाने ऍनिमल स्टाईल फ्राइज, ज्याची सगळे फार स्तुती करतात, त्या आजींच्या कामाच्या नाहीत, त्यावर तोच कांदा आणि तोच स्प्रेड असतो.

साध्या फ्राइजचं मात्र वेगळं आहे, आणि ही गोष्ट इथल्या शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या सूर्यफुलाच्या तेलात तळतात, आणि मेन्यूवर नगेट्स, मासे असं तळायचं दुसरं काहीच नसल्यामुळे त्या कढईत बटाट्याशिवाय काही पडत नाही. म्हणजे ज्या छोट्या मेन्यूमुळे आबांना चिकन मिळालं नाही त्याच छोट्या मेन्यूमुळे आजींना फ्राइज निर्धास्त खाता आले. दुसऱ्या बऱ्याच ठिकाणी उलटं असतं, व्हेज पॅटी मिळते, पण फ्राइज चिकनच्याच तेलात.

काउंटरवर सुनेने ऑर्डर देताना प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारली आणि उत्तर मराठीत आजींना सांगितलं, मागे आबा आणि नातू उभे. तिथल्या मुलीने न वैतागता उत्तरं दिली, ग्लोव्ह्ज बदलून बनवायला सांगते म्हणाली. सुनेने "व्हेजिटेरियन" एवढंच म्हणून सोडलं नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. तिने मांस नको, अंडं नको, ग्रिलवरचा कांदा नको असं एकेक सांगितलं, कारण समोरच्याला आपल्या घरातली पद्धत माहीत असायचं कारण नाही.

मुलाने आपणहून ग्रिल्ड चीज घेतलं. आबांनाही तेच, कारण आबांना चालेल असं चिकन तिथे नव्हतंच. आणि नातू. त्याला आई-बाबांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं की आजीला सगळं माहीत आहे, तुला काही लपवायचं नाही, फक्त आज आपल्या टेबलवर ते नको असं आजीने म्हटलंय, तू काय घेशील ते तू ठरव. त्याने ग्रिल्ड चीज, फ्राइज आणि चॉकलेट शेक घेतला. आणि मग आजीला घेऊन काचेपाशी गेला, जिथे पांढऱ्या कागदी टोपीतली मुलं अख्खे बटाटे दांड्याच्या यंत्रात ठेवून दाबत असतात आणि खाली फोडी पडतात. आजी तिथे बराच वेळ उभ्या होत्या. बटाटे खरे आहेत, गोठवलेले नाहीत, हे त्यांना फार आवडलं, सालासकट आहेत का, धुतात कधी, असं विचारत होत्या आणि पोरगा ते इंग्रजीत आतल्यांना विचारून मराठीत सांगत होता.

वासाचा त्रास त्यांना झाला, म्हणून सगळे बाहेरच्या टेबलवर बसले. ग्रिल्ड चीज त्यांना फिकं लागलं. मग नातवाने पिवळ्या मिरच्या आणल्या, व्हिनेगरमधल्या असतात, मागितल्या की फुकट देतात, आणि त्यांच्याबरोबर मात्र त्यांनी अर्ध्याहून जास्त खाल्लं. फ्राइज सगळे संपवले. आबांचं मत असं की फ्राइज मऊ आहेत, पुढच्या वेळी जास्त तळून घ्या. तसं सांगता येतं, काउंटरवर "वेल डन" म्हटलं की कुरकुरीत करून देतात.

नंतर निघालेला चीजचा प्रश्न

काही दिवसांनी सुनेने मला परत फोन केला. कुठेतरी तिच्या वाचनात आलं की काही चीजमध्ये दूध विरजायला जे रेनेट वापरतात ते वासराच्या पोटातून काढलेलं असू शकतं. सगळ्यात नसतं, सूक्ष्मजीवांपासून बनवलेलंही खूप वापरतात, पण ह्या चीजचं कोणतं ते तिने विचारलेलं नव्हतं आणि आजींनी ते खाल्लं होतं. आता सांगायचं की नाही?

नवरा म्हणाला, नको, झालं ते झालं, मुद्दाम कशाला त्रास द्यायचा. तिने सांगितलं, आणि माझ्या मते तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हताच, खाण्याआधी कळलं पाहिजे अशी अट आजींनी घातलेली असताना, आधी राहून गेलेलं निदान नंतर तरी कळायला हवं. आजी घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, नकळत झालं ते विठ्ठलाला माहीत आहे, पण आता कळल्यावर नाही खाणार. कंपनीला विचारून बघू का असं सुनेने म्हटलं तर म्हणाल्या, कशाला, चीज नसलं तरी पाव आणि भाजी आहेच की.

निकाल

ते पुन्हा गेले, नातवाच्या मॅचनंतर, ह्या वेळी आजींनीच विचारलं होतं. त्यांनी बन, लेट्यूस, टोमॅटो, कच्चा कांदा असं नुसतं भाज्यांचं सांगितलं, तसंही बनवून देतात, आणि घरून आणलेल्या डबीतली शेंगदाण्याची चटणी त्यात घातली. आणि त्या वेळी नातवाने विचारलं की मी माझा नेहमीचा घेऊ का, दुसऱ्या टेबलवर बसून खातो. आजींनी हो म्हटलं. तो आणि बाबा शेजारच्या टेबलवर बसले, खाऊन हात धुऊन आजीच्या टेबलवर आले. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं असं बसायला, पण परड्यातल्या चुलीसारखंच ते झालं.

आबांचा मात्र विषय पूर्ण मिटलेला नाही. ते मुलाशी ह्याबद्दल पुन्हा बोलले नाहीत, दुसऱ्या वेळी आलेही नाहीत, गुडघा दुखतोय म्हणाले. मुलाला ते लागलंय.

वेगळं काय करता आलं असतं

मुलाने हे आई-वडील यायच्या आधी, फोनवर का होईना, सांगायला हवं होतं असं सुनेचं मत आहे. मला तसं वाटत नाही. फोनवर आजी एकट्या रडल्या असत्या आणि संध्याकाळी समोर बसून जे बोलणं झालं ते झालं नसतं. पण आल्यानंतर पहिल्या आठवड्यात, नातवाने विषय काढायच्या आधी, मुलाने स्वतःहून सांगायला हवं होतं हे आम्हा दोघींनाही मान्य आहे. पोराच्या तोंडून निघालं म्हणून सांगावं लागलं, हे आबांच्या मनात राहिलंय असा माझा अंदाज आहे.

दुसरं, आबांना आधी आणि आजींना नंतर असं सांगितलं गेलं, त्यात मधले दिवस आबांना बायकोपासून गोष्ट लपवून ठेवावी लागली, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. दोघांना एकत्र सांगितलं असतं तर हे ओझं त्यांच्यावर पडलं नसतं. मुलाला वाटलं बाबांना सांगणं सोपं जाईल, कारण ते स्वतः मटण खातात. पण मटण खाणारा माणूस मोठ्याचंही समजून घेईल हे गृहीतच चुकीचं होतं, आबांसाठी ती रेष आजींइतकीच पक्की होती.

तिसरं, चीजचं. कंपनीला आधी लिहून विचारता येतं, काउंटरवरच्या माणसाला रेनेट विचारून उत्तर मिळेल अशी अपेक्षा धरू नये. कोणाच्या घरात कडक पाळणारं माणूस येणार असेल तर अंडं, चरबी, तळायचं तेल, ग्रिल एक की वेगळं, जिलेटिन आणि रेनेट एवढं तरी आधी विचारून ठेवा, आणि उत्तर नसेल तर उत्तर नाही असं त्या माणसाला सांगा.

आजी-आबा आता गावी परतलेत आणि पुढचा निर्णय मुला-सुनेसमोर आहे. डिसेंबरमध्ये हे तिघं गावी जातायत, तिथे चुलत भावंडं असणार, शेजारी असणार, आणि हा पोरगा बोलका आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, विषय गावात तापलेला असतो, आणि नऊ वर्षांच्या मुलाला ते सगळं माहीत असायचं कारण नाही. खोटं बोलायचं नाही हे घरात ठरलेलं आहे, पण प्रत्येकाला स्वतःहून सांगत सुटायचीही गरज नाही, हा फरक त्याला कसा समजवायचा ह्यावर नवरा-बायको सध्या बोलतायत. ह्यात आबांना विचारावं असं मी सुनेला सुचवलंय, गाव त्यांचं आहे, तिथे काय कसं बोलायचं ते त्यांनाच सगळ्यात चांगलं माहीत, आणि मुलाशी त्यांचं थांबलेलं बोलणं ह्या निमित्ताने तरी सुरू होईल. ती पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारणार आहे, नवरा शेजारी बसलेला असताना.